गुलाब टिकवायचा कसा: लागवड, छाटणी आणि रोगांचा बंदोबस्त

गुलाब लावणाऱ्यांचे बहुतेक प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात: "पानं पिवळी पडून गळतायत, काय फवारू?" याला झटकन उत्तर देता येत नाही. पान पिवळं पडायला निदान सहा-सात कारणं असतात आणि त्यांतल्या निम्म्यांवर फवारणीचा काडीचाही उपयोग नसतो. कोणतं पान पिवळं झालंय, शेंड्याचं की बुडाचं? शिरा हिरव्या राहिल्यात का? डाग असेल तर त्याची कड कशी आहे? एवढं नीट पाहिलं तरी अर्धं निदान होतं. आणि ती वेळच येऊ नये असं वाटत असेल तर लागवडीपासून सुरुवात करायला हवी. गुलाबाच्या रोगांचा निकाल बराचसा तिथेच लागतो.

रोप निवडताना

फुलाच्या रंगाकडे सगळेच बघतात, जातीच्या रोगप्रतिकारशक्तीकडे फारच थोडे. पिवळे आणि केशरी गुलाब काळ्या ठिपक्यांच्या बुरशीरोगाला चटकन बळी पडतात, आणि त्यामागे जुना इतिहास आहे. फ्रान्समधल्या जोसेफ पेर्ने-दुशे यांनी 1900 मध्ये 'सोलेय दोर' ही जात आणली. तिच्यातला गडद पिवळा रंग 'रोझा फोएटिडा' या जातीच्या संकरातून आला, पण रंगासोबत काळ्या ठिपक्यांबाबतचा नाजूकपणाही आला आणि पुढच्या कित्येक संकरित जातींत उतरला. उलट 2000 साली अमेरिकेत विल्यम रॅडलर यांची 'नॉक आउट' ही जात बाजारात आली, ती मुख्यतः काळ्या ठिपक्यांना दाद देत नाही म्हणूनच गाजली. तुमच्याकडे हवा दमट असेल, पाऊस लांबत असेल, तर निदान पहिली दोन-तीन रोपं तरी कणखर जातींची घ्या. नाजूक जातींची हौस हात बसल्यावर भागवता येते.

रोप हातात घेतल्यावर आधी कलमाचा जोड पाहावा, म्हणजे चांगली जात दुसऱ्या गुलाबाच्या मुळांवर जिथे जोडलेली असते ती जागा. तो घट्ट भरलेला हवा, त्यावर चीर किंवा काळसरपणा नको. जोडाच्या वर निदान दोन-तीन जोमदार फांद्या असाव्यात. बुडाशी किंवा मुळांवर खडबडीत, फुलकोबीसारख्या गाठी दिसल्या तर फूल कितीही सुंदर असो, ते रोप तिथेच ठेवावं. फुलांनी लगडलेल्या रोपापेक्षा निरोगी पानांचं, फूल नसलेलं रोप केव्हाही चांगलं.

जागा

रोज किमान सहा तास ऊन हवं, आणि त्यातही सकाळचं ऊन मिळालं तर सोन्याहून पिवळं. कारण साधं आहे: रात्रीचं दव पानांवरून जितक्या लवकर वाळेल तितकी बुरशीला संधी कमी. दुपारनंतरच ऊन येणाऱ्या कोपऱ्यात पानं सकाळी उशिरापर्यंत ओली राहतात आणि काळे ठिपके तिथेच आधी दिसतात.

वारा खेळता हवा. हायब्रिड टी (लांब देठावर एकेक मोठं फूल देणाऱ्या) प्रकारच्या दोन झाडांत 60 ते 75 सेंटिमीटर अंतर ठेवा. लावताना ते फार वाटतं, पण दुसऱ्या वर्षी तेवढं लागतंच. मोठ्या झाडाच्या छायेत गुलाब लावला तर मुळांची स्पर्धा आणि वरून ठिबकणारं पाणी असा दुहेरी त्रास होतो. तापलेल्या भिंतीला अगदी चिकटून लावला तर लाल कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) ठरलेलाच.

माती आणि लावणी

गुलाबाला किंचित आम्लधर्मी माती मानवते, सामू (पीएच) 6 ते 6.5 च्या आसपास. मात्र सामूपेक्षा निचरा महत्त्वाचा. जमिनीत लावणार असाल तर साधारण 45 सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, तो पाण्यानं भरा आणि मुरू द्या. पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-पाच तासांनंतरही तसंच उभं असेल तर तिथे खड्ड्यात लावू नका, जमिनीवर 20-25 सेंटिमीटर उंच वाफा करा. चिकट मातीत खड्डा करून त्यात भुसभुशीत मिश्रण भरलं की त्या खड्ड्याची पाण्याची टाकी होते आणि मुळं गुदमरतात.

कुंडी हायब्रिड टीसाठी निदान 30 सेंटिमीटर तोंडाची आणि तितकीच खोल असावी. छोट्या मिनिएचर जातींना 20-25 सेंटिमीटरची चालते. मिश्रणात दोन भाग बागेतली माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, एक भाग जाडसर वाळू किंवा परलाइट (निचऱ्यासाठीचे हलके पांढरे खडे) आणि मूठभर निंबोळी पेंड. इथे 'पूर्ण कुजलेलं' या शब्दांवर जोर आहे. अर्धकच्च्या शेणखतातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, शिवाय ते कुजताना तापतं आणि कोवळी मुळं भाजतात. चांगलं खत हातात घेतलं तर भुसभुशीत लागतं आणि त्याला मातीचा वास येतो, शेणाचा नाही.

लावताना कलमाचा जोड उबदार हवेत मातीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवा. जिथे थंडीत जमीन गोठते तिथे उलट, जोड तितकाच मातीखाली जायला हवा, म्हणजे वरच्या फांद्या मेल्या तरी जोड वाचतो. माती भरून हलक्या हातानं दाबा, भरपूर पाणी द्या आणि आठवडाभर कडक उन्हापासून जपा. पहिला महिनाभर रासायनिक खत अजिबात नको. पहिल्या एक-दोन कळ्या खुडून टाकायला जीव होत नाही, पण खुडा. झाडाची ताकद मुळांत जाऊ द्या.

पाणी

गुलाब पाण्यावाचून मरतो त्यापेक्षा जास्त वेळा पाण्यानंच मरतो. शेतीत ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीत ओल आहे पण पोकळ्यांत हवाही आहे, ती अवस्था कुंडीतही साधायची असते. बोट मातीत पहिल्या दोन पेरांपर्यंत घाला. खाली ओल लागली तर पाणी नको, कोरडं लागलं तर तळाच्या भोकातून निथळेपर्यंत द्या. रोज पेलाभर पाणी देण्यानं फक्त वरचा थर ओला होतो, मुळं वर वर राहतात आणि एक दिवस पाणी चुकलं तरी झाड मान टाकतं.

पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्यावं. संध्याकाळी पाइपानं झाडाला वरून आंघोळ घालण्याची सवय ज्या बागेत आहे, तिथे कितीही महागडं बुरशीनाशक फवारलं तरी काळे ठिपके हटत नाहीत. का, ते पुढे येईलच. बुडाशी पालापाचोळा, भुसा किंवा नारळाच्या शेंड्यांचं पाच-सहा सेंटिमीटर आच्छादन घातलं की ओल टिकते आणि मातीवरचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत. आच्छादन खोडाला मात्र टेकू देऊ नका, बोटभर जागा मोकळी सोडा.

खताबद्दल थोडक्यात: वाढीच्या काळात महिन्यातून एकदा दोन मुठी कंपोस्ट किंवा गांडूळखत, आणि नत्र, स्फुरद, पालाश असलेलं मिश्रखत पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या मात्रेनं. खत नेहमी ओल्या मातीत. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत आणि गडद होतात, आपल्याला बरं वाटतं, मावा ही कीड आणि भुरी हा बुरशीरोग, यांना त्याहून बरं वाटतं.

छाटणी

वर्षातून एकदा मोठी छाटणी आणि अधूनमधून वाळलेली फुलं काढणं, एवढं पुरतं. मोठी छाटणी झाड विश्रांतीतून नव्या वाढीकडे वळत असताना करावी. जिथे हिमतुषार पडतात तिथे ते संपत आल्यावर, जिथे पावसाळा मोठा असतो तिथे पाऊस ओसरल्यावर. भर पावसात केलेली छाटणी म्हणजे प्रत्येक कापावर बुरशीला आमंत्रण.

आधी मेलेलं, रोगट आणि एकमेकांवर घासणारं काढा. मग मध्यभाग मोकळा करा, म्हणजे झाडाला वाटीसारखा आकार येतो आणि हवा आरपार जाते. उरलेल्या जोमदार फांद्या हायब्रिड टीमध्ये साधारण निम्म्यावर आणा, फ्लोरिबंडात (घोसानं फुलणाऱ्या प्रकारात) एक तृतीयांश कमी करा. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (फांदीवरच्या कोंबाच्या) अर्धा सेंटिमीटर वर घ्या, डोळ्याच्या विरुद्ध बाजूला किंचित उतरता. डोळ्याच्या वर लांब खुंट सोडला तर तो वाळतो आणि तिथूनच मर खाली उतरते. वेली गुलाबांत मुख्य वेली कापायच्या नसतात, त्या आडव्या बांधायच्या आणि बाजूच्या फुटी दोन-तीन डोळ्यांवर ठेवायच्या. वर्षातून एकदाच फुलणाऱ्या जुन्या जातींची छाटणी फुलोरा संपल्यावरच, कारण त्या जुन्या काडीवर फुलतात.

जोडाच्या खालून येणारी फूट ही खुंटाची (ज्या मुळांवर कलम केलंय त्या गुलाबाची), म्हणजे रानफूट. पानाला सात पाती असली की रानफूट, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही, चांगल्या कलमी जातींनाही सात पाती येतात. माती उकरून फूट कुठून निघाली ते पाहा. जोडाच्या खालून असेल तर कापू नका, मुळापासून ओढून तोडा. कापली तर त्याच जागी दोन-चार नव्या येतात.

काळे ठिपके

गुलाबाचा हा सर्वांत चिवट रोग. पानाच्या वरच्या बाजूला काळे गोल डाग येतात. बारकाईनं पाहिलं तर त्यांची कड सरळ नसते, झालरीसारखी विस्कटलेली असते. खत किंवा औषधानं भाजल्याच्या डागाला अशी कड नसते. डागाभोवती पान पिवळं पडतं आणि गळतं. सुरुवात बुडाच्या पानांपासून होते आणि रोग वर चढत जातो. जोर असला तर झाडाला फक्त शेंड्याची पानं उरतात.

'डिप्लोकार्पोन रोझे' या बुरशीच्या बीजाणूंना रुजायला पान सलग सात तासांच्या आसपास ओलं असावं लागतं. हा आकडा लक्षात ठेवला की बाकीचे उपाय आपोआप सुचतात. सकाळी दिलेलं पाणी तासा-दोन तासांत वाळतं, संध्याकाळचं रात्रभर राहतं. बीजाणू वाऱ्यापेक्षा पाण्याच्या शिंतोड्यांतून जास्त पसरतात, म्हणून आच्छादन. बुरशी गळलेल्या पानांत आणि फांद्यांवरच्या जांभळट चट्ट्यांत तग धरते, म्हणून बुडाशी पडलेलं प्रत्येक पान उचलून बागेबाहेर टाकायचं. ते कंपोस्टमध्ये टाकू नये, घरगुती ढीग बुरशी मारण्याइतका तापेलच याची खात्री नसते.

डाग आलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. फवारणी वाचवते ती पुढची पानं. म्हणून पहिले दोन-तीन डाग दिसताच ती पानं खुडा, बुडाकडच्या 15-20 सेंटिमीटरमधली दाट पानं विरळ करा, आणि ओली हवा असेल तेवढ्या काळापुरतं बुरशीनाशक वापरा.

भुरी

भुरीचं वागणं याच्या अगदी उलट. कोवळी पानं चुरमडतात, कळ्यांच्या देठांवर पांढरी पूड बसते. 'पोडोस्फेरा पॅनोसा' या बुरशीला रुजायला पानावर पाणी लागत नाही, उलट साचलेलं पाणी तिला मारक ठरतं. कोरडे उबदार दिवस आणि थंड दमट रात्री हा तिचा हंगाम. म्हणून धो धो पावसात भुरी दिसत नाही आणि पाऊस थांबून रात्री गार झाल्या की एकदम उसळते. सावली आणि कोंदट हवा तिला पोसतात.

द्राक्षमळ्यांत ओळींच्या टोकाला गुलाब लावायची जुनी पद्धत आहे. गुलाबावर भुरी दिसली की द्राक्षांवर येणार, असं समजतात. पण द्राक्षाची भुरी वेगळ्या बुरशीमुळे येते, गुलाबावरून ती द्राक्षावर जात नाही. दोघींना हवा साधारण सारखीच आवडते, एवढाच त्या इशाऱ्यात दम.

भुरीवर पाण्यात विरघळणारं गंधक चांगलं काम करतं, लिटरला 2 ग्रॅम. तापमान 30 अंशांच्या वर जाणार असेल तर मात्र गंधक टाळा, पानं भाजतात. दुधाची फवारणीही निव्वळ आजीबाईचा बटवा नाही: ब्राझीलमधले वाग्नर बेट्टिओल यांनी 1999 मध्ये झुकिनीच्या भुरीवर ती परिणामकारक असल्याचं दाखवलं. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा, सकाळी उन्हात. सुरुवातीच्या भुरीवर करून पाहायला हरकत नाही. झाड पांढरं झाल्यावर दूध उपयोगाचं नाही. खाण्याच्या सोड्याचाही गवगवा असतो, पण वारंवार वापरला तर सोडियम कुंडीत साठतं, म्हणून मी तो सुचवत नाही.

तांबेरा ओळखायला सोपा: पानाच्या खालच्या बाजूला केशरी पुटकुळ्या. पानं खुडा, हवा खेळती ठेवा. केवडा थंड, ओल्या हवेत येतो. त्याचे डाग जांभळट आणि शिरांच्या चौकटीत अडकलेले, कोनदार असतात आणि पानं झपाट्यानं गळतात.

शेंडामर

फांदी कापाकडून खाली काळी पडत येते. दोन-तीन आठवड्यांत ती जोडापर्यंत पोहोचली तर झाड हातचं जातं. यावर फवारणी दुय्यम, कात्री मुख्य.

काळ्या भागाच्या खाली, हिरव्या दिसणाऱ्या सालीत काप घ्या आणि कापलेलं टोक निरखून पाहा. मधला गाभा तपकिरी असेल तर बुरशी अजून खाली आहे. आणखी दोन सेंटिमीटर खाली कापा, पुन्हा पाहा. गाभा पूर्ण पांढरट आणि त्याभोवतीचं कडं ओलसर हिरवं दिसेपर्यंत खाली जात राहा. प्रत्येक कापानंतर कात्रीची पाती 70 टक्के अल्कोहोलनं पुसा, नाहीतर रोग आपणच पुढे नेतो. शेवटच्या कापावर बोर्डो पेस्ट किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडची दाट पेस्ट लावा.

बोर्डो घरी करता येतं. हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डो परिसरात पिएर मिलार्दे यांनी 1885 मध्ये पुढे आणलं आणि अजूनही वापरात आहे. एक टक्का द्रावणासाठी 10 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात आणि 10 ग्रॅम चुना वेगळ्या अर्ध्या लिटरमध्ये विरघळवा, दोन्ही भांडी प्लास्टिकची किंवा मातीची. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओता. आकाशी निळा रंग येतो. लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडवून पाहा: त्यावर तांब्याची लाली चढली तर चुना कमी आहे, थोडा वाढवा. द्रावण त्याच दिवशी वापरा. पेस्टसाठी मोरचूद आणि चुना दहापट. मी बोर्डो छाटणीनंतर उघड्या फांद्यांवरच मारावं असं म्हणेन. थंड, ओल्या हवेत तांबं गुलाबाच्या कोवळ्या पानांवर डाग पाडतं.

रोग वाटतात पण नसतात

शेंड्याची नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या: लोह मिळत नाही. बहुतेकदा जड पाण्यामुळे मातीचा सामू चढलेला असतो. चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं) द्या आणि पावसाचं पाणी मिळेल तेव्हा वापरा. बुडाची पानं शिरांच्या मधे पिवळी: मॅग्नेशियम कमी. बुडाची पानं सरसकट फिकट: नत्र कमी किंवा मुळांना पाणी जास्त, त्यामुळे खत टाकण्याआधी बोट घालून ओल तपासा. पानाच्या कडा वाळून तपकिरी: क्षार साठलेत, कुंडीतून भरपूर पाणी वाहू द्या. पानाच्या कडेला कात्रीनं कापल्यासारखी अर्धगोल भोकं दिसली तर ती पान कापणाऱ्या मधमाशीची करामत. ती घरट्यासाठी तुकडे नेते, झाडाचं काही बिघडत नाही. तिला काही करू नका.

किडी

मावा कोवळ्या शेंड्यांवर दाटीनं बसतो. पाण्याची जोरदार धार दोन-तीन दिवस मारली तर बराचसा जातो. मुंग्या वर चढत असतील तर त्यांचाही बंदोबस्त करा, त्या माव्याचा गोड पाझर खातात आणि बदल्यात त्याची राखण करतात. त्याच पाझरावर काळी काजळी वाढते. ठिपकेवाले ढालकिडे दिसले तर फवारणी थांबवा, ते मावा फस्त करतात.

लाल कोळी जास्त घातक. पानं धुरकट, बारीक पांढुरक्या टिपक्यांची होतात आणि लोक त्याला पाण्याची कमतरता समजतात. पानाखाली पांढरा कागद धरून पान टिचकीनं झटका. कागदावर पडलेल्या धुळीतले कण चालायला लागले तर कोळी आहेत. हे कीटक नव्हेत, आठ पायांचे आहेत, त्यामुळे नेहमीची बरीच कीटकनाशकं त्यांच्यावर चालत नाहीत, त्यांना खाणारे मित्रकीटक मात्र मरतात आणि कोळी आणखी वाढतात. कडक उन्हाळ्यात अंड्यापासून प्रौढ व्हायला त्यांना आठवडाभरही पुरतो. तीन-चार दिवसांच्या अंतरानं, सकाळी, पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याची धार मारा. पानं ओली करायची नाहीत असं वर सांगितलं, पण कोरड्या हवेत ती तासाभरात वाळतात, तेव्हा इथे काळ्या ठिपक्यांची धास्ती नको.

फुलकिडे कळीत शिरतात, पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात, कळी नीट उमलत नाही. खराब कळ्या तोडून पिशवीत बंद करून टाका, चिकट निळे सापळे लावा. फवारणी कळीच्या आत पोचत नाही, त्यामुळे तिच्यावर भिस्त ठेवू नका.

फवारायचंच असेल तर

संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर, वारा पडलेला असताना. पानाची खालची बाजू आधी भिजवा. निंबोळी तेल लिटरला 5 मिली, त्यात थोडा द्रव साबण घालून चांगलं घुसळा, नाहीतर तेल वर तरंगतं. तेल आणि गंधक यांत किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, एकामागोमाग मारले तर पानं जळतात. आंतरप्रवाही (झाडात शोषलं जाणारं) बुरशीनाशक लागोपाठ तेच ते वापरू नका, बुरशी त्याला सरावते. औषधाचा रासायनिक गट बदला, निव्वळ ब्रँड बदलून फरक पडत नाही. लेबलवरची मात्रा ही कमाल समजा, आणि हातमोजे, मास्क यांत कुचराई नको. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) मातीत देत असाल तर तांबंयुक्त औषध त्याच मातीत ओतू नका, ट्रायकोडर्माही बुरशीच आहे.

झाड काढायचं कधी

बुडाशी खडबडीत गाठी वाढत असतील तर तो जिवाणूंचा रोग आहे, औषध नाही. पानांवर पिवळ्या नागमोडी रेघा उमटल्या तर तो विषाणू. तो कलमातूनच आलेला असतो, शेजारच्या झाडाला कीटकांमुळे लागत नाही. झाड जोमदार असेल तर ठेवा, फक्त त्याची काडी कलमासाठी कोणाला देऊ नका. गाठीवालं झाड मात्र मुळांसकट उपटा आणि आसपासची माती काढून टाका. त्या जागी लगेच दुसरा गुलाब लावू नका. जुन्या गुलाबाच्या जागेवर नवा गुलाब तसाही खुरटतो. लावायचाच झाला तर 45 सेंटिमीटर खोल आणि तितकीच रुंद माती बदला. कुंडी असेल तर माती टाकून ती घासून धुवा, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात अर्धा तास बुडवा आणि उन्हात खडखडीत वाळवूनच पुन्हा भरा.